येसूच्या घराचा भाव

राजाने दरबार नदीपल्याड हलवला आणि कुसुंबीतल्या घरांचे भाव धपाधप कोसळले! पाचशेचं घर दोनशेलाही कुणी घेईना. येसू कासारणीने घर गहाण टाकलं होतं, पण हप्ता कधी चुकवला नव्हता. तरी सावकार त्रिंबकशेट दारात हजर!

“माझं कर्ज तीनशेचं आणि घर उरलं दोनशेचं! वरचे शंभर आज टाक, नाहीतर घर सोड!”

येसू गाऱ्हाणं घेऊन तडक राजाकडे गेली. राजा मोठा हट्टी. मिशीला पीळ देत म्हणाला, “उद्या दुपारी घराला पाचशेचं गिऱ्हाईक आणून दाखव. एक वीट लावायची नाही, खोटं बोलायचं नाही! जमलं तर सावकार गप्प, नाहीतर घर त्याचं.”

“मग महाराज, उद्या माझ्या माजघरात बसून ऐकाच!”

परतताना तिला हसू आवरेना. शेटजींना गुप्तधनाचं भारी वेड. कुणी भोपळ्याचं आळं खणलं तरी डोकावून जायचे!

दुसऱ्या दिवशी राजा गुपचूप माजघरात बसला. स्वयंपाकघरात येसूने खड्डा खणला, दिवा लावला, हळदकुंकू वाहिलं. तेवढ्यात शेटजी घराचा ताबा घ्यायला आले आणि दारातच थबकले.

“हे काय गं?”

“उखळ पुरतेय, शेटजी. पूजा नको का करायला?”

शेटजींना वाटलं, हिने धन काढून शंभर फेकले तर घर हातचं जाणार! “घर जायच्या दिवशी उखळ? मला शिकवतेस! हे घर विक मला. चारशे!”

“अहो, खरंच उखळ आहे!”

“पाचशे! सहाशे! सातशे रोख!”

“पण घर तर दोनशेचं ना?”

“कोण म्हणतो? सातशेलाही स्वस्त आहे!”

माजघराचं दार उघडून राजा बाहेर आला. शेटजींनी घाईघाईने खड्ड्यात हात घातला. हाती आलं मातीचं ढेकूळ, आणि भिंतीशी टेकलेलं दगडी उखळ आत्ता कुठे त्यांना दिसलं.

“महाराज, घर दोनशेचंच!” शेटजी ओरडले.

“घर जागचं हललंसुद्धा नाही, शेटजी!” येसू म्हणाली. “पाचशेचं दोनशे तुम्हीच केलंत, दोनशेचं सातशेही तुम्हीच. आता मी राहायचं कुठे? घरात, की तुमच्या जिभेवर?”

राजा इतका हसला की फेटा सुटून गळ्यात आला! त्याने तिथल्या तिथे हुकूम सोडला: हप्ता वेळेवर येतोय तोवर कुसुंबीतल्या एकाही घराला सावकाराने हात लावायचा नाही. राणीवशाला बांगड्या भरायचा मान येसूला मिळाला, आणि वर रोख सातशेचं बक्षीस!