भुरीचं बीपी

"मग काय, मशीन खोटं बोलतं म्हणता, भन्ते?"

डॉक्टर सुगत वानखडेंनी विचारलं. आवाज जरा चढलाच होता.

विहारातले म्हातारे भिक्खू, भन्ते शीलरतन, खाली पाहत होते. विहाराच्या ओसरीवर, त्यांच्या पायाशी, भुरी पडली होती. डॉक्टरांची कुत्री. पिल्लू असताना डॉक्टरांनी तिला गटारातून काढलं होतं आणि तेव्हापासून ते तिच्यावर पोटच्या पोरीसारखा जीव टाकत होते.

जनावरांच्या डॉक्टरांत वानखडेंचा हात धरणारा जिल्ह्यात कोणी नाही, असं लोक म्हणत. डॉक्टरही म्हणत. दर रविवारी ते ध्यान शिकायला टेकडीवरच्या या विहारात येत आणि बराचसा वेळ बोलण्यात घालवत.

"तिचं बीपी उतरतच नाही," ते म्हणाले. "एक गोळी दिली, दोन दिल्या, आता तीन चालू आहेत. केव्हाही मोजा, दोनशेच्या घरात. असंच राहिलं तर डोळे जातील तिचे. किडनी जाईल."

"आणि ती कशी आहे?"

"सांगतोय ना, दोनशेच्या..."

"ती कशी आहे, विचारलं."

डॉक्टरांनी भुरीकडे पाहिलं.

"उठली की पडते. जेवत नाही. काल अंगणात चालता चालता कोसळली... मला वाटलं, गेली." त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. "म्हणून आजपासून चौथी गोळी."

खिशातून गोळी काढून त्यांनी ओसरीच्या कठड्यावर ठेवली.

भन्ते त्या गोळीकडे पाहत राहिले...

"मोज बरं. मला पाहू दे."

डॉक्टरांनी बॅग उघडली. हवा भरायचा पट्टा चर्र करून सोडवला.

तो आवाज झाला आणि भन्तेंच्या पायावर आपटणारी भुरीची शेपटी थांबली. तिचे कान मागे पडले. सरपटत ती भन्तेंच्या मागे जायला लागली.

डॉक्टरांनी तिला मागच्या पायाला धरून ओढलं. तिची मान काखेत दाबली आणि पुढच्या पायाला पट्टा गुंडाळला.

"हलू नकोस! हलू नकोस म्हणतो ना!"

मशीन घरघरलं. एकशे अठ्ठ्याण्णव.

"पाहा," डॉक्टर म्हणाले. पैज जिंकल्यासारखे.

"आता तुझं मोज."

"माझं कशाला? माझं एकशे वीसच्या वर कधी जात नाही, भन्ते."

"मोठ्या कुत्र्याचा पट्टा असेल ना?"

म्हाताऱ्याची हौस म्हणून डॉक्टरांनी हसत हसत मोठा पट्टा मनगटावर बांधला. एकशे अठरा.

"सांगितलं होतं."

"पुन्हा."

डॉक्टरांनी बटण दाबलं. पट्टा फुगायला लागला... आणि ज्यांचा चढलेला आवाज त्या टेकडीवर आजवर कोणी ऐकला नव्हता, ते भन्ते ताडकन उठले. त्यांनी डॉक्टरांची मान धरून काखेत दाबली आणि कानाशी ओरडले,

"हलू नकोस! हलू नकोस म्हणतो ना!"

डॉक्टरांचा चष्मा पडला. तोंड चिवरात दाबलं गेलं. छाती धाडधाड उडायला लागली. आपल्याला काय होतंय, हेच त्यांना कळेना.

भन्तेंनी त्यांना सोडलं आणि काहीच झालं नसल्यासारखे जागेवर जाऊन बसले.

मशीनवर आकडा होता, एकशे बहात्तर.

"भन्ते! हे... तुम्ही?"

भन्तेंनी कठड्यावरची गोळी उचलली आणि त्यांच्यापुढे धरली.

"घेतोस?"

डॉक्टरांनी चाचपडत चष्मा उचलला. घाबरलं की जनावराचं बीपी चढतं, हे त्यांनी पुस्तकात वाचलं होतं. शिकाऊ पोरांना शिकवलंही होतं. पण ते दुसऱ्यांच्या जनावरांबद्दल.

"पण ती माझी आहे, भन्ते," ते हळूच म्हणाले. "ती मला का भिईल?"

"तिला विचार."

"कसं?"

"पट्टा बांध. आणि बस."

"मग मोजायचं कधी?"

भन्तेंनी डोळे मिटून घेतले.

डॉक्टरांनी पट्टा या वेळी आवाज न करता बांधला आणि ते भुरीशेजारी जमिनीवर बसले. इतक्या रविवारांत पहिल्यांदाच ते गप्प होते...

भुरी आधी अंग आखडून पडली होती. मग तिने डॉक्टरांचा हात हुंगला. मशीनकडे पाहिलं, पुन्हा डॉक्टरांकडे पाहिलं. शेवटी तिने त्यांच्या पावलावर हनुवटी टेकली, मोठा सुस्कारा सोडला आणि तिचा डोळा लागला.

तेव्हा डॉक्टरांनी बटण दाबलं. भुरीने एक डोळा उघडला आणि परत मिटला.

अठ्ठ्याहत्तर.

पट्टा सैल बसला असेल, असं त्यांना वाटलं. त्यांनी तो चाचपून पाहिला, जरा वेळ जाऊ दिला, पुन्हा मोजलं.

एक्क्याऐंशी.

एवढ्या कमी दाबावर कुत्रं उभं राहील कसं? उठली की पडणारच. त्या तीन गोळ्या रोज सकाळी ते स्वतःच्या हाताने भाकरीच्या तुकड्यात घालून तिला भरवत होते, लाडाने, तिच्याशी बोलत बोलत.

"मी मारत होतो तिला," ते म्हणाले. "आज चौथी दिली असती तर..."

गोळी अजून भन्तेंच्या तळहातावर होती.

"भन्ते... खरा आकडा कोणता? एकशे अठ्ठ्याण्णव, की हा?"

भन्तेंनी झोपलेल्या भुरीच्या पाठीवरून हात फिरवला.

"दोन्ही खरे," ते म्हणाले. "पहिला तुझा होता."