पेन्सिलीने लिहिलेली अकरा नावे

एकदा एक वृद्ध गुरुजी आयुष्यात पहिल्यांदाच समुद्र ओलांडून अमेरिकेत लेकीकडे राहायला गेले. चाळीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवलेल्या माणसाच्या खिशात जे असते, म्हणजे एक पेन्सिल आणि एक खोडरबर, ते त्यांच्याही खिशात होते. ही गोष्ट त्या खोडरबराची आहे. दृष्टांत म्हटला की शेवटी कुठेतरी दिवा लागावा, अशी ऐकणाऱ्याची अपेक्षा असते. इथे तो लागत नाही. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर माझ्यावर रागावू नका.

लेकीचे घर एका रुंद नदीच्या काठी होते. योगायोग असा की त्याच गावात गुरुजींची एक जुनी विद्यार्थिनी राहत होती, संजीवनी. धरणात बुडालेल्या एका गावाची माणसे डोंगरापलीकडच्या माळावर नेऊन वसवली होती. गुरुजीही त्याच गावचे; वसाहतीच्या शाळेत ती त्यांच्या हाताखाली चौथीपर्यंत शिकली. आता ती दर शनिवारी सकाळी एका चर्चच्या तळघरात मराठी शाळा चालवत होती. सहा ते आठ वर्षांची चौदा मुले, घडीच्या खुर्च्या, आणि मधल्या सुट्टीत कोणाच्या तरी आईने आणलेला चिवडा, एवढाच त्या शाळेचा पसारा.

पालकांनी त्या वर्षी एक मागणी केली होती. मुले रोजच्या शाळेत इंग्रजीतून अमेरिकेचा आरंभीचा इतिहास शिकतात, तोच इथे मराठीतून शिकवावा, म्हणजे भारतातून आलेल्या आजी-आजोबांना ती तो सांगू शकतील. संजीवनीला ही कल्पना फार आवडली. तिने ठरवले की दुसरीकडची गोष्ट सांगायची नाही, याच नदीची सांगायची. ती चार वेळा ग्रंथालयात गेली. जमिनीच्या एका जुन्या दस्ताच्या नकलेत तिला नदीकाठच्या अकरा वस्त्यांची नावे सापडली. युरोपातून गोऱ्या माणसांचे पहिले जहाज येण्यापूर्वी तिथे जी माणसे राहत होती, त्यांच्या वस्त्यांची ती नावे. त्या रात्री तिने नवऱ्याला सांगितले, "ही नावं जर या मुलांच्या तोंडी बसली ना, तर माझ्या सगळ्या शनिवारांचं सोनं झालं म्हणेन." तिला खरोखरच दुसरे काही नको होते.

मग तिने खाकी कागदाचा मोठा नकाशा केला. नदी निळ्या रंगाने रंगवली. जहाज काढले, वर चिकटवलेल्या पांढऱ्या कागदी शिडांचे, तीन डोलकाठ्यांचे, अगदी देखणे. आणि काठाकाठाने ती अकरा नावे लिहिली. लिहिली मात्र पेन्सिलीने. जागा नीट जुळली की शाईने गिरवू, असे तिने मनाशी म्हटले होते.

तळघराची खोली इतर दिवशी दुसऱ्यांच्या वापरात असे. त्यामुळे नकाशा तिथे ठेवता येत नव्हता. गुरुजींच्या लेकीचे घर अगदी समोर होते. गुरुजी म्हणाले, "मी सांभाळतो. मला तरी दुसरं काय काम आहे?" तेव्हापासून दर शनिवारी ते नकाशाची गुंडाळी काखेत मारून येत, भिंतीवर चिकटवत, मागच्या खुर्चीवर बसून राहत आणि वर्ग सुटला की पुन्हा गुंडाळून घरी नेत.

पहिल्या शनिवारी संजीवनीने जहाजाची गोष्ट सांगितली. मुलांनी कागदाची जहाजे केली. दुसऱ्या शनिवारी गोष्टीत वादळ झाले, तिसऱ्या शनिवारी थंडी आणि उपासमार झाली. चौथ्या शनिवारी काठावरच्या माणसांनी पाहुण्यांना मका दिला आणि तो पेरायला शिकवले. मुलांनी मक्याची कणसे रंगवली. पाचव्या शनिवारी पाहुणे आणि काठावरची माणसे सगळी मिळून जेवली.

त्या दिवशी वर्ग सुटल्यावर गुरुजींनी विचारले, "आणि जेवणानंतर काय झालं, ते?"

"गुरुजी, पुढे फार वाईट आहे हो," संजीवनी म्हणाली. "रोगराई, मारामाऱ्या, हाकलून देणं. सात वर्षांची पोरं ही. मोठी झाली की कळेलच त्यांना."

"आणि नावं?"

"ती आहेत की नकाशावर. पुढच्या शनिवारी घेते."

 गुरुजी नकाशा गुंडाळून घरी गेले.

सहाव्या शनिवारी पालकांना बोलावले होते. तळघर भरून गेले. मुलांनी जहाजाचे गाणे म्हटले, वादळात डोलून दाखवले, कणसे वर धरली. मोबाइल उंचावले गेले, टाळ्या वाजल्या. मग कोणाच्या तरी आजींनी, नुकत्याच नागपूरहून आलेल्या, पुढच्या रांगेतल्या रेवाला कौतुकाने जवळ घेतले. रेवा वर्गातली सर्वांत हुशार मुलगी.

"काय गं बाळ, ते जहाज यायच्या आधी इथं कोण राहत होतं?"

रेवाने क्षणभर विचार केला. "कोणीच नाही," ती म्हणाली. "नुसती झाडं होती."

"मग मका कोणी दिला?"

"मका तर होताच ना इथे," रेवा म्हणाली. बाकीच्या तेरा जणांपैकी एकानेही तिला खोडून काढले नाही.

 संजीवनी हसतमुखाने नकाशाकडे वळली. "असं काय करतेस, रेवा? हे बघ, इथे नदीच्या काठाला..." तिचे बोट कागदावर टेकले आणि तिथेच राहिले. काठावर काही नव्हते. तिने बोट वर सरकवले, खाली सरकवले. निळी नदी होती, देखणे जहाज होते, आणि दोन्ही तीरांवर स्वच्छ खाकी कागद होता. वेळ निभावून न्यायला तिने चिवडा वाटायला घेतला. पालकांच्या काही लक्षात आले नाही. कार्यक्रम फार छान झाला, असे सगळे म्हणाले.

माणसे गेल्यावर ती गुरुजींपुढे येऊन उभी राहिली. 

"गुरुजी, नावं कोणी पुसली?"

"मी," गुरुजी म्हणाले आणि खिशातून खोडरबर काढून त्यांनी खुर्चीवर ठेवले. "पहिल्या शनिवारी घरी नेल्यावर दोन पुसली. दुसऱ्या शनिवारी दोन. असं करत करत काल उरलेली तीन पुसली."

"पण का? माझी इतकी मेहनत... तुम्ही माझे गुरू ना! मुलांसमोर, पालकांसमोर माझं हे असं..." तिला रडू आवरेना.

गुरुजींनी तिला रडू दिले. मग अगदी सावकाश बोलू लागले.

"दर शनिवारी मला वाटायचं, आज कोणीतरी विचारील. एखादं पोर म्हणेल, ताई, इथलं नाव कुठं गेलं? निदान तू तरी म्हणशील. तू पाच वेळा या नकाशापुढं उभी राहिलीस, बाई. जहाजाचं शीड जरा सुटलं होतं, ते तू लगेच चिकटवलंस. मला तुझी फजिती करायची नव्हती. मला एवढंच बघायचं होतं की माझ्या हातून जे झालं ते तुझ्याही हातून होतं का. आपल्या वसाहतीत म्हातारी माणसं शाळेत यायची. म्हणायची, गुरुजी, पोरांना जुनं गाव सांगा, शेतांची नावं सांगा. पुस्तकात तर धरण होतं, त्याचं रंगीत चित्र होतं. मी म्हणायचो, पोरं लहान आहेत, कशाला त्यांना रडवायचं, मोठी झाली की सांगू. तुम्ही मोठी झालात तोवर ती माणसं एकेक करून गेली. पुसायला मला खोडरबरसुद्धा लागलं नाही."

 संजीवनीने डोळे पुसले, पर्समधून शाईचे पेन काढले आणि नकाशापुढे उभी राहिली. पहिले नाव तिला लगेच आठवले. दुसरे आठवले. तिसऱ्याला ती थबकली, शेवटचे अक्षर असे की तसे, याची खात्री नव्हती. तरी तिने लिहिले. त्यापुढे काही येईना. चार वेळा ग्रंथालयात जाऊन, स्वतःच्या हाताने उतरवलेली नावे.

"सोमवारी परत जाते," ती म्हणाली. "कागद आहे तिथे."

"जा. या लोकांचा निदान एक कागद तरी उरला आहे."

हे ऐकून ती वळली. हातातले पेन तसेच होते.

"गुरुजी, आमच्या आजोबांचं शेत होतं ना जुन्या गावात? त्याला काय म्हणायचे?"

गुरुजींचा चेहरा उजळला. "तुझ्या आजोबांचं ना? नदीकडून वर आलं की डाव्या हाताला. बांधावर चिंच होती. मी पोरपणी त्या चिंचेवर चढलो आहे. भात व्हायचा. त्याला..." ते थांबले. त्यांनी डोळे मिटले. त्यांचे ओठ दोन-तीनदा हलले. तळघरात वरच्या मजल्यावरून कोणीतरी फरशी पुसत असल्याचा आवाज येत होता. संजीवनी पेन उघडे धरून उभी होती.

"चिंच होती," गुरुजी पुन्हा म्हणाले. "चिंच होती बघ बांधावर."

मग त्यांनी डोळे उघडले आणि मान हलवली. त्या बुडालेल्या गावातले, ते नाव माहीत असलेले गुरुजीच शेवटचे उरले होते.

संजीवनीने पेनाला टोपण लावले. दोघांनी मिळून नकाशा गुंडाळला.

ही गोष्ट मला स्वतः संजीवनीबाईंनी सांगितली. ती तीन नावेही त्यांनी मला म्हणून दाखवली होती. ती इथे दिलेली नाहीत याचे कारण साधे आहे. तेव्हा माझ्याजवळ पेन होते, वहीही होती, आणि घरी गेल्यावर लिहू, असे मी मनाशी म्हटले होते.