वहीतले काढून घेतलेले पान

विमानदलातून निवृत्त झालेले एक वृद्ध तंत्रज्ञ एका लहानशा गावात राहत असत. तरुणांना ते यंत्रशास्त्र शिकवीत, म्हणून सारे त्यांना गुरुजी म्हणत. त्यांची एक सवय मात्र गावाला विचित्र वाटे. त्यांच्या जुन्या जीपच्या स्टिअरिंगला दोरीने एक वही बांधलेली असे. विमानतळावर प्रत्येक विमानाची अशी वही असते. आढळलेला प्रत्येक दोष तीत लिहितात आणि ती वाचून, सही करूनच वैमानिक विमानात चढतो. गुरुजींनी तोच नियम जीपला लावला होता. शेजारी दळण आणायला जीप मागायला आला, तरी आधी वाचन, मग सही, मग किल्ली. लोक हसत आणि सही करत.

त्यांचा एक शिष्य सैन्याच्या वैमानिक प्रशिक्षणासाठी निवडला गेला. केवळ वैद्यकीय तपासणी उरली होती. तो अर्ज घेऊन गुरुजींकडे आला.

"गुरुजी, माझ्या अंगावर पित्त उठतं, त्याची गोळी चालू आहे. गोळीचं नाव मी लिहिलंय. पण ती घेतली की सकाळी उशिरापर्यंत डोळ्यांवर झापड असते. तेही लिहायलाच हवं का? लहानपणापासून याच एका दिवसाची वाट पाहिलीय हो मी."

गुरुजी उठले. जीपपाशी जाऊन त्यांनी वहीतले शेवटचे पान फाडले, घडी करून खिशात ठेवले आणि वही शिष्यापुढे धरली. शिष्य चकित झाला. पण गुरुजींना विचारायचे कसे? त्याने उरलेली वही वाचली, सही केली. गुरुजी शेजारी बसले. बैलबाजाराच्या रिकाम्या मैदानावर जीप हळूहळू फिरू लागली.

"थांबव," गुरुजी म्हणाले.

शिष्याने ब्रेक दाबला. जीप हिसका देऊन डावीकडे वळली आणि काटेरी कुंपणात शिरली. कोणाला लागले नाही. शिष्य गुरुजींकडे वळला.

"तुम्हाला हे ठाऊक होतं!"

गुरुजींनी खिशातले पान त्याच्या हाती दिले. त्यावर लिहिले होते: 'ब्रेक दाबताच गाडी डावीकडे ओढते. वेग कमी ठेवावा, स्टिअरिंग उजवीकडे धरून थांबवावी.'

"हे आधी दाखवलं असतं तर मी सांभाळली असती! सही घेतलीत माझी, आणि पान मात्र खिशात?" शिष्य संतापून म्हणाला.

"तुझा राग रास्त आहे," गुरुजी शांतपणे म्हणाले. "उद्या विमानात तुझ्याबरोबर शिक्षक बसेल. त्याने तुझी वही वाचलेली असेल. तीत गोळीचं नाव असेल, झापड नसेल. त्याला वाटेल, सगळं वाचलं. बाळा, दोष जीपमध्ये होताच. पान काढून घेतल्याने तो गेला नाही, फक्त तुझ्यापासून लपला."

शिष्य हळूच म्हणाला, "आणि लिहिल्यावर त्यांनी मला नाकारलं तर?"

"कदाचित औषध बदलून देतील, कदाचित थांबवतील. नाकारतीलही. त्याचं दुःख मोठं असेल, ते मी कमी करू शकत नाही. पण ते दुःख तुला जमिनीवर होईल."

शिष्याने वही उघडली. त्याने आपली आधीची सही खोडली, फाडलेले पान वहीत जागच्या जागी ठेवले, पुन्हा एकदा वाचले आणि त्याखाली नव्याने सही केली. मग कुंपणातून जीप मागे घेऊन तो सावकाश गुरुजींच्या घराकडे निघाला. वाटेत त्याला तीनदा ब्रेक दाबावा लागला आणि तिन्ही वेळा जीप सरळ थांबली.

दारात पोहोचल्यावर त्याने गुरुजींकडे पेन मागितले, अर्ज बॉनेटवर पसरला आणि गोळीच्या नावापुढची रिकामी ओळ भरली.