जे आधी होईल ते

घाटमाथ्यावरच्या एका गावात एकदा एक वृद्ध मोटार मिस्त्री राहत असे. सारे त्याला वस्ताद म्हणत. ज्ञानी पुरुष म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पांढरी दाढी आणि वडाचं झाड येतं. याच्याजवळ दोन्ही नव्हतं. ग्रीसने काळवंडलेली नखं होती, आणि गावाने थट्टा करावी अशी एक सवय होती. गॅरेजात कुठलीही गाडी आली की तो कप्प्यातलं कंपनीचं पुस्तक मागून घेई, चष्मा लावी आणि देखभालीच्या तक्त्यावरून बोट फिरवत ओळ न् ओळ वाची. पन्नास वर्षं गाड्या उघडलेल्या माणसाने हे करावं याची लोकांना गंमत वाटे.

त्याचा एक शिष्य होता. बारा वर्षांत तो असा तयार झाला होता की इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून दुखणं ओळखी. हात चांगला होता, पण तो चांगला आहे हे त्याला लोकांनी जरा लवकरच सांगून ठेवलं होतं. गुरूचं ते पुस्तक वाचणं पाहून तो मनातल्या मनात हसे, आणि वस्ताद चहाला गेले की उघड हसे. गिऱ्हाइकांना सांगे, “पुस्तक लिहिणाऱ्याने आपला घाट पाहिलाय का? कंपनीला तेल खपवायचंय, म्हणून पानं भरून ठेवलीत.” गिऱ्हाइकांनाही हे ऐकायला आवडे. खर्च वाचवणारं शहाणपण कुणाला आवडत नाही?

त्याच गावात एक गुळाचा व्यापारी होता. त्याची मोठी, देखणी गाडी वर्षातले अकरा महिने शेडमध्ये उभी असे. कुलदेवतेला कोकणात उतरायचं असलं म्हणजेच ती बाहेर निघे. घेतल्यापासूनच्या तीन वर्षांत नऊ हजार किलोमीटर झाले होते. यंदा निघण्यापूर्वी व्यापाऱ्याने ती गॅरेजात पाठवली आणि वस्तादांनी ती शिष्याकडे सोपवली.

तक्त्यात ब्रेक ऑइलपुढे छापलं होतं: दर दोन वर्षांनी अथवा चाळीस हजार किलोमीटरला, जे आधी होईल ते. शिष्याने किलोमीटरचा आकडा पाहिला. टाकीचं झाकण काढून तेल पाहिलं, ते मधासारखं स्वच्छ होतं. जी गाडी धावलीच नाही, तिचं तेल कशाला बदलायचं? त्याने झाकण लावलं आणि कामाच्या कागदावर ‘बदलले’ या शब्दापुढच्या चौकोनात खूण केली. आपण खोटं लिहीत आहोत असं त्याला वाटलंच नाही. चांगल्या तेलाला चांगलं म्हटलं, एवढीच त्याची समजूत होती.

चार दिवसांनी ती गाडी घाट उतरताना वळणावर फिरून मागच्या अंगाने कड्यावर आदळली. मागे डाव्या बाजूला शेठाणीबाई बसल्या होत्या. त्या जागच्या जागी गेल्या.

गाडी सुदाम चालवत होता. या गोष्टीत नाव एवढ्या एकाच माणसाला दिलं आहे, कारण पुढे बोल लागला तो त्याच्याच नावाला. वीस वर्षं शेठांकडे चाकरी केलेला हा माणूस तुटलेला हात गळ्यात बांधून प्रत्येकाला एकच सांगत होता, “ब्रेक लागला नाही. मी दाबला, तो खाली गेला, आणि गाडी थांबली नाही.” दुसऱ्या दिवशी गाडी तपासली गेली. पुढची बाजू शाबूत होती. तपासणाऱ्याने पायाने ब्रेक दाबला, तो दगडासारखा घट्ट लागला. शिवाय चार दिवसांपूर्वीच ब्रेक ऑइल बदलल्याची खूण कागदावर होती. मग खोटं कोण बोलतंय हे काय सांगायला हवं? सुदामला डुलकी लागली असणार, असं कुणी म्हणालं. तो प्यायला होता, असं दुसऱ्या कुणी म्हणालं. शेठांनी त्याचं तोंड पाहणार नाही अशी शपथ घेतली. त्याच्यावर गुन्हा दाखल झाला.

ब्रेक उत्तम निघाला हे कळलं तेव्हा शिष्याने सुटकेचा निःश्वास सोडला. लाज वाटावी इतकं त्याला हलकं वाटलं, आणि खरोखरच थोडी लाज वाटली.

आठ दिवसांनी अमावास्या आली. अमावास्येला गॅरेज बंद असे आणि त्या दिवशी वस्ताद सकाळीच एकटे कुठेतरी निघून जात. देवाला जात असतील, असं सारे समजत. या वेळी त्यांनी शिष्याला बरोबर घेतलं. पिशवीत एक छोटा स्टोव्ह, लोखंडी कढई, पुडीत बांधलेली वाळू आणि काचेच्या दोन बाटल्या होत्या. “वस्ताद, स्वयंपाक करायचाय का?” शिष्याने विचारलं. ते चालू लागले.

घाटाच्या पायथ्याशी एक कुंपण घातलेलं आवार होतं. अपघातातल्या गाड्या खटला निकाली निघेपर्यंत तिथे आणून ठेवत. राखणदार म्हाताऱ्याला ओळखत होता. “या वस्ताद, आज जोडीनं?” म्हणत त्याने फाटक उघडलं आणि तोही मागोमाग आला. चेमटलेल्या, गंजलेल्या, गवत उगवलेल्या गाड्यांच्या रांगेतून चालत वस्ताद एका गाडीपाशी थांबले. शिष्याने ती ओळखली. मागच्या दारातून आत पाहायचा धीर त्याला झाला नाही.

“या राखणदाराच्या देखत हिचं चमचाभर ब्रेक ऑइल काढ,” वस्ताद म्हणाले. “पुढच्या चाकापासचं.”

शिष्याने ते काढलं. वस्तादांनी ते एका बाटलीत घेतलं आणि दुसरीत नव्या डब्यातलं तेल ओतलं. मग त्यांनी स्टोव्ह पेटवला, कढईत वाळू तापत ठेवली आणि दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी वाळूत रोवल्या. चण्याफुटाण्यांची कढई बघत बसावं तसे ते उकिडवे बसून राहिले. शिष्याला वाटलं, म्हातारपणामुळे यांचं डोकं फिरलंय.

वाळू तापत गेली. नवं तेल निवांत होतं. गाडीतल्या तेलाच्या तळाशी एक बुडबुडा आला, मग दहा आले, आणि बघता बघता ते सारं फेसाळून उसळू लागलं. शेजारचं नवं तेल अजून हललंही नव्हतं.

वस्तादांनी ती बाटली चिमट्याने उचलून दगडावर ठेवली. बुडबुडे विरले. तेल पुन्हा मधासारखं स्वच्छ, साळसूद दिसू लागलं.

“आता बघून सांग,” ते म्हणाले, “मघाशी याचं काय झालं होतं?”

दुसऱ्या दिवशी, थंड झालेल्या गाडीत तपासणाऱ्याच्या पायाला काय लागलं असेल, हे शिष्याला कळून चुकलं.

“हे तेल हवेतलं पाणी ओढत राहतं, लेका,” वस्ताद म्हणाले. “गाडी धावो की उभी राहो. पाणी मुरलेलं तेल घाटात लवकर उकळतं, आणि मग पायाखाली तेल राहत नाही, वाफ राहते. वाफ दाबली की नुसती दबते, आणि गाडी गार झाली की विरून जाते. बारा वर्षं तू म्हणत आलास, माझ्या हातची एकही गाडी ब्रेकची तक्रार घेऊन परत आली नाही. खरं आहे ते. पण ज्या परत आल्या, त्यांनीच तुला शिकवलं. परत न येणाऱ्या गाड्या इथे येतात, आणि इथे तू कधी आला नाहीस. मी दर अमावास्येला येतो, त्यांचंही ऐकून जातो. तरी माझ्या वाट्याला हे एकच आवार आहे. पुस्तक लिहिणाऱ्यांनी असली किती आवारं मोजली असतील! कंपनीला तेल खपवायचं असेलही, मी कुठे नाही म्हणतो? पुस्तकात सांगितलंय त्याच्या आधी बदलावंसं वाटलं तर बदल. हाताला तेवढी मोकळीक आहे. उशिरा बदलायची मोकळीक कुणालाच नाही.”

मग ते म्हणाले, “तुझी खूण मी तपासली नाही. तेवढा दोष माझा. पोलीस ठाण्यात मी तसं सांगणार आहे. उरलेलं तुझं आहे.”

शिष्य बराच वेळ कढईकडे पाहत बसला. शेठाणीबाई त्याला दिवाळीला आठवणीने फराळ पाठवायच्या. तो रडला. वस्तादांनी त्याला रडू दिलं, पाठीवर हात मात्र ठेवला नाही.

मग तो उठला, पण ठाण्यात जाण्याआधी सुदामच्या घरी गेला. दारात सुदामची बायको होती. गॅरेजवाल्याला पाहून ती बाजूला झाली. सुदाम भिंतीला टेकून बसला होता. शिष्याने उभ्याउभ्याच सांगून टाकलं: तेल मी बदललं नव्हतं, बदललं म्हणून खूण केली, ते घाटात उकळलं, म्हणून ब्रेक गेला, आणि आता मी हे ठाण्यात सांगायला निघालोय. एवढं बोलून तो शिव्यांची, कदाचित माराचीही वाट पाहत राहिला.

सुदाम उठला नाही. शिष्याकडे एकटक पाहत त्याने अगदी हळू आवाजात विचारलं, “म्हणजे मी ब्रेक दाबला होता?”

“दाबला होता, सुदामभाऊ.”

“बाईसाहेब मागून ओरडत होत्या, सुदाम, ब्रेक दाब. मी म्हणत होतो, दाबलाय, बाई, दाबलाय.” त्याने चांगल्या हाताने डोळे पुसले. “सगळी म्हणतात दाबलाच नाही. आता मलाच आठवेनासं झालं होतं.”