भेंडआळीचा बाक

"तिथं म्हणे मयताला सगळी आळी जमली, नि मेलेल्यानंच उठून पियानो..." बसथांब्यावर कुणीतरी सांगत असतं आणि नेमकी बस येते. त्या अर्ध्या गोष्टीपायी वसईकडच्या भेंडआळीत पाहुणे येतात, इनासच्या घरापुढच्या दगडी बाकाशी थबकतात. मग आळीतलं कुणीतरी त्यांना बसवून घेतं.

असं सांगतात, की इनासचा मामा बोटीवर होता. त्यानं आणलेल्या गाण्याच्या तबकड्या ऐकून इनासला ब्लूजचं, त्या परदेशी संथ, उदास गाण्यांचं, वेड लागलं. शिकवणारं कुणी नव्हतं. चर्चच्या रिकाम्या हॉलमधल्या पियानोवर चाचपडत एकटाच शिकला. मग मुंबईच्या हॉटेलात वाजवायला राहिला. लोक जेवायचे, नाचाची गाणी मागायचे. ब्लूज सुरू झालं की उठायचे. "सायबिणी, एकानं तरी शेवटपर्यंत बसून ऐकलं, तर पियानो तुझ्या देवळाला वाहीन," असा नवस त्यानं आळीच्या चर्चमधल्या मातेला केला म्हणे. केस पिकले, लग्न राहिलं, नवस तसाच. शेवटी स्वतःचा पियानो बैलगाडीत घालून तो आळीत परतला.

इथंही तेच. शेजारची रुजायबाय विस्तवाच्या निमित्तानं डोकवायची.

"इनासबाबा, रोज कुणाला रडतोस रे?"

"रडत नाय बाय, वाजवतो."

"मग नाचाचं वाजव की!" आणि ती चुलीकडं पळायची.

एका संध्याकाळी त्यानं फार संथ वाजवलं. आळीला वाटलं, इनास गेला; कुणीतरी त्याच्या मयताचंच वाजवतंय. काळे कपडे, मेणबत्त्या घेऊन माणसं आली. मयताच्या घरात बोलायचं नाही आणि गाणं संपेस्तोवर उठायचं नाही, ही इथली रीत. इनासची दाराकडं पाठ. वाजवतोय तोच, हे रुजायबायनं आधी पाहिलं. तिनं तोंड उघडलं आणि जन्मात पहिल्यांदा तसंच मिटलं. मेणबत्ती फुंकली, खाली बसली. तिच्यामागं सगळे बसले.

सूर संपले. इनास वळला, तर घरभर माणसं.

"तुम्ही... ऐकायला आलात?"

"मग काय मरायला?" रुजायबाय म्हणाली.

इनास लहान पोरासारखा रडला. दुसऱ्या दिवशी रुजायबाय खरंच ऐकायला आली, तर पियानो बैलगाडीतून देवळाकडं निघालेला. नवस फिटला होता. माणसं मयताला म्हणून आली होती, हे खरं तिनं सांगितलं असतं, तर गाडी तिथूनच फिरली असती. पण मग त्याची ती संध्याकाळ त्याच्याकडं उरली नसती. इनासला माती देईपर्यंत ती गप्प राहिली. हा बाक तिनंच, इनास असतानाच घालून घेतला. दोघं त्यावर संध्याकाळी न बोलता बसायची म्हणे.

म्हणजे मेलं कुणी नव्हतं, उठलंही कुणी नव्हतं. पण त्या घरातलं वाजणं त्या दिवशी संपलं, तेवढी बातमी खरी.

आजही आळीत कुठून सूर आले, की माणसं हातातलं टाकून या बाकावर येऊन बसतात. आणि सूर थांबेपर्यंत "कोण गेलं?" असं कुणी विचारत नाही.