अठरा रुपयांची पेटी

निंबळगडच्या राजवाड्यात फ्यूजच्या पेटीतून ठिणगी उडाली ती थेट आमटीत पडली!

“आता फोडणीसुद्धा हीच द्यायला लागली!” सुंद्रा ओरडली आणि हातातला रुपया टाकून बाजूला झाली.

सुंद्रा राजवाड्यातली स्वयंपाकीण. दिवाळी तोंडावर आली होती, म्हणून लक्ष्मीपूजनाला मांडायचे जुने चांदीचे रुपये ती चिंच लावून घासत बसली होती. फ्यूजची ती लाकडी पेटी बरोबर तिच्या डोक्यावर, चुलीशेजारच्या भिंतीला होती. आधी नुसता फ्यूज उडायचा, आता विस्तव पडायला लागला. एक दिवस ही पेटी आपल्यालाच पेटवणार, ही धास्ती घेऊन ती रोज भाकरी थापत होती.

वायरमन मुलाणीभाईंनी स्टुलावर चढून पेटी उघडली, नाकाला रुमाल लावला आणि लगेच खाली उतरले.

“सरकार, आतल्या वायरींचा पार कोळसा झालाय. पेटी बदलायला पाहिजे. सगळं धरून बावीस हजार.”

“बावीस हजार?” राजेसाहेबांच्या मिशा ताठ झाल्या. संस्थान केव्हाच गेलं होतं, हत्तीखान्यात पिठाची गिरणी आली होती. पण मिशा आणि हट्ट खालसा करायला दिल्लीवाले विसरले होते. “ही पेटी आमच्या आजोबासाहेबांनी अठरा रुपयांत बसवली. आजोबासाहेबांनी जे दिलं, तेच आम्ही देऊ! त्यात पैशाचा फरक होणार नाही!”

“अठरा रुपयांत स्क्रूसुद्धा येत नाहीत, सरकार.”

“मग राहू दे. जळेल तेव्हा बघू!”

तुम्ही बघाल, जळेन मी! सुंद्राचं टाळकं सटकलं. खाली पडलेला रुपया उचलून तिने पदराला पुसला, क्षणभर त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, “मी देते बसवून, सरकार.”

“तू? अठरात?”

“आजोबासाहेबांनी जे दिलं, तेच द्या. वर पैसा मागितला तर जीभ कापा माझी!”

“आणि नाही जमलं तर?”

“चाकरी सोडते. मागची खोलीपण रिकामी करते.”

राजेसाहेब खूश झाले. फुकटचा तमाशा कोणाला नको असतो? त्यांनी देवघरापुढे उभं राहून शब्द दिला.

बाहेर येताच मुलाणीभाई म्हणाले, “सुंद्राबाई, डोकं ठिकाणावर आहे ना?”

सुंद्राने गळ्यातली बोरमाळ काढून त्यांच्या हातावर ठेवली. “तुम्ही पेटी बसवा. लक्ष्मीपूजनाला पैसे नाही मिळाले, तर ही तुमची.” बोरमाळ तिच्या आईची होती.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नवी पेटी भिंतीवर होती आणि सगळा राजवाडा उजळला होता. पूजा आटोपली. पानसुपारीला मानकरी जमले, गावचे रेवणकर सराफही आले. मुलाणीभाई दाराशी उभे होते. राजेसाहेबांनी खिशातून दहाची नोट, पाचची नोट आणि थोडी चिल्लर काढली.

“घे गं तुझे अठरा! नीट मोजून घे!”

मानकरी खो-खो हसले. सुंद्राने हात मागे घेतले.

“हे नाही चालायचे, सरकार.”

“का? खोटे आहेत?”

“खरे आहेत की! पण आजोबासाहेबांनी कुठे हे दिले होते? त्यांनी दिले ते तसले!” तिने लक्ष्मीपुढच्या तबकाकडे बोट केलं. गोऱ्या बादशहाचं मुंडकं छापलेले रुपये चिंचेने लखलखत होते. “त्यातले अठरा काढा.”

राजेसाहेबांनी सराफांकडे पाहिलं. सराफांनी विडा गालात सरकवला.

“आजच्या चांदीच्या भावाने मुलाणीभाईंचे बावीस हजार फिटतील, सरकार. वर मिठाईपुरते उरतील.”

“ही लबाडी आहे!”

“शब्द तुमचा आहे, सरकार! मुलाणीभाईंचे बावीस हजार तुम्हाला महाग पडले, म्हणून मी बापडी अठराच मागते. नातवाने आजोबांपेक्षा कमी दिलं, असं गावभर झालं तर बरं दिसेल का?”

राजेसाहेबांच्या मिशा थरथरल्या. मग पोट हलायला लागलं, आणि हसणं असं फुटलं की मानकऱ्यांनाही कळेना, आता आपण हसायचं की नाही! राजेसाहेबांनी स्वतःच्या हाताने तबकातले अठरा रुपये मोजून दिले. मुलाणीभाईंनी बोरमाळ तिथल्या तिथे परत केली.

“आणि हा एकोणिसावा, तुझ्या अकलेचा!” राजेसाहेब डोळे पुसत म्हणाले. “पगारही वाढवतो. बोल, किती हवा?”

सुंद्राने रुपया कनवटीला लावला.

“वाढ कशाला, सरकार? आजोबासाहेबांच्या वेळी स्वयंपाकिणीला महिना सात रुपये होता. तेवढाच द्या की!”

राजेसाहेबांनी झडप घालून दोन्ही हातांनी तबक झाकलं, आणि इतके हसले, इतके हसले, की डोक्यावरचा फेटा लाह्या-बत्ताशांत जाऊन पडला!