चेंडूमागचा चष्मा

मुकुंदराव नावाचे एक कारखानदार होते. तीनशे माणसे त्यांच्या शब्दावर कामाला लागत, पण दहा पावलांवरच्या भोकाजवळ एक पांढरा चेंडू नेऊन ठेवणे काही त्यांना जमत नव्हते. हे दुःख गोल्फ खेळणाऱ्यालाच कळेल. इतरांनी हसून घ्यावे, हरकत नाही.

गोल्फमध्ये लांबच्या फटक्याला टाळ्या पडतात. फजिती होते ती ग्रीनच्या कडेला. ग्रीन म्हणजे भोकाभोवतीचे अगदी बारीक कापलेले गवत. तिथे वेज नावाची, तिरप्या पात्याची काठी हाती घ्यायची आणि चेंडू हलकेच उडवून भोकाजवळ टाकायचा. मुकुंदराव तिथे कधी चेंडूमागची जमीन खणत, तर कधी चेंडूच्या डोक्यावर मारून त्याला थेट पलीकडच्या झुडपात धाडत.

एरवी हे खपून गेले असते. पण क्लबच्या जोड्यांच्या स्पर्धेत ते आपल्या थोरल्या बंधूंबरोबर, आप्पांबरोबर उतरत. या स्पर्धेत जोडीला एकच चेंडू, तो दोघांनी आळीपाळीने मारायचा. सलग तीन वर्षे मुकुंदरावांच्या वेजपायी चषक हुकला होता. आप्पांना शहात्तरावे लागले होते आणि दिवाळीनंतर ते मुलीकडे बंगळुरूला कायमचे राहायला जाणार होते. म्हणजे ही अखेरची संधी. ज्या भावाने आपल्या हातात पहिली काठी दिली, त्याला रिकाम्या हाताने पाठवायचे, हा विचार मुकुंदरावांना सोसवेना.

शेवटी ते गेनबांकडे गेले. गेनबांनी चाळीस वर्षे त्याच मैदानावर कॅडी म्हणून खेळाडूंच्या काठ्या वाहिल्या होत्या; आता उतारवयात ते शिकवण्या घेत. त्यांनी मुकुंदरावांचे दहा फटके मुकाट्याने पाहिले. मग आपला जाड भिंगांचा चष्मा काढला, घडी केली आणि चेंडूच्या मागे वीतभर अंतरावर गवतात आडवा ठेवला.

"मारा आता," ते म्हणाले.

"काका, अहो, चष्मा फुटेल! दुसरा आहे का तुमच्याकडे?"

"न्हाई. ह्यो फुटला तर घरापत्तूर मला तुमीच हाताला धरून न्यायचं. मारा."

मुकुंदराव दोनदा पवित्रा घेऊन मागे सरले. म्हाताऱ्याचे डोके फिरले की काय, असेही त्यांच्या मनात येऊन गेले. पण गेनबा हलेनात. अखेर मुकुंदरावांनी अंगाचा भार डाव्या पायावर घेतला, दोन्ही हात चेंडूच्या किंचित पुढे धरले आणि चष्म्याच्या वरून काठी सरळ चेंडूवर आणली. चेंडू उंच उडाला, ग्रीनवर अलगद पडला आणि घरंगळत जाऊन भोकाशेजारी थांबला. चष्म्याला काठीचा स्पर्शही झाला नव्हता.

"हे मी केलं?" मुकुंदरावांना खरेच वाटेना.

गेनबांनी चष्मा सदऱ्याला पुसून डोळ्यांवर चढवला आणि ते म्हणाले, "सायेब, इतके दिस तुमी बॉलखाली हात घालून त्याला वर काढाया बघत व्हता. त्यासाठी मागल्या पायावर रेलायचं, मनगट झटकायचं. मग स्टिक एक तर मातीत घुसती, न्हाई तर बॉलच्या डोस्क्यावर बसती. आज मागं चष्मा व्हता, म्हनून मागं रेलायची सोय ऱ्हायली न्हाई. पुढं ऱ्हायलात, वरनं खाली मारलंत. मग बॉल उचलला कुनी? पात्यानं. ते तिरपं घडवलंय कशापायी? बॉल उचलन्यापायीच. त्याचं काम त्याला करू द्या. तुमी बॉलवर या आन् मधी न थांबता पुढं जा, तेवढंच तुमचं."

मुकुंदरावांनी पुढचे पंधरा दिवस तेवढेच केले. चष्म्याच्या जागी ते स्वतःचा हातरुमाल ठेवीत.

स्पर्धेत शेवटच्या भोकापाशी गोष्ट अशी येऊन ठेपली, की दोन फटक्यांत चेंडू आत गेला तर चषक दोघा भावांचा, नाही तर समोरच्या जोडीचा. पहिला फटका मुकुंदरावांचा, ग्रीनच्या कडेवरून. त्यांनी वेज घेतली, ते चेंडूवर आले आणि मध्ये थांबले नाहीत. चेंडू भोकापासून दोन हातांवर जाऊन विसावला. बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आता आप्पांची पाळी. आप्पा काठी धरून वाकले आणि सवयीने धाकट्या भावाकडे बघत थांबले. अशा वेळी मुकुंदराव नेहमी सूचना देत, उतार डावीकडे आहे, जरा हळू, मान वर करू नका. आजही ते सगळे जिभेवर आले होते. तेवढ्यात त्यांना जाणवले, की आपण पुन्हा चेंडूखाली हात घालायला निघालो आहोत.

"बोल ना," आप्पा म्हणाले.

"काही नाही आप्पा. तुम्हाला दिसतोय तसा मारा."

आप्पांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिले. मग आपल्या अंदाजाने चेंडू मारला. तो भोकाच्या कडेला गेला, अर्धा गोल फिरला आणि बाहेरच राहिला. चषक गेला.

एक शब्द बोललो असतो तर, असे मुकुंदरावांना वाटून गेलेच. पण आप्पांच्या चेहऱ्यावर दुःख नव्हते. ते त्या चेंडूकडे बघत होते आणि चक्क हसत होते.

"चुकला," ते म्हणाले, "पण माझा मी चुकवला. तीन वर्षं तू सांगशील तिथंच मारत होतो रे."

आप्पांनी चेंडू उचलून पुन्हा त्याच जागी ठेवला. समोरची जोडी हस्तांदोलनासाठी येऊन उभी होती, तिला त्यांनी हातानेच थांबवले आणि ते तोच फटका परत मारायला वाकले. मुकुंदराव दोन पावले मागे झाले आणि भाऊ कसा मारतो ते बघत उभे राहिले.